चार आवर्तनं

मस्कोगी, ओक्लाहोमा
९ एप्रिल १९३७

ऑर्व्हिल,

होझियाला काल पुरलं. त्याचे भाऊ ईनोस आणि ॲबनर त्याला रेडफर्नहून ट्रकमधून घेऊन आले, वरून ताडपत्री टाकून. अंघोळ मी घातली. बायका नको नको म्हणत होत्या, त्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं. पंधरा वर्षं त्याचे कत्तलखान्यातले कपडे मीच धुतलेत, मला रक्ताची काय नवलाई?

रेडफर्नच्या शेरीफने कागद दिलाय. होझिया गेन्स हा निग्रो दारू पिऊन नाचघरात पडला आणि बाटलीची काच पोटात शिरून मेला, असं त्यात लिहिलंय. मी भोकं मोजली. सात. पोटात चार, बरगडीखाली दोन आणि एक तळहातातून आरपार. माणूस एका बाटलीवर सात वेळा पडतो का रे? आणि म्हणे दारू! माझ्या नवऱ्याने खोकल्याच्या औषधातसुद्धा दारू चालू दिली नाही. चर्चचा डीकन होता तो.

बँड तुमचाच होता. तू तिथे होतास. मला सांत्वन नकोय, ते इथे ताटं भरभरून येतंय. काय पाहिलंस तेवढं लिही.

व्हर्डेल


कॅन्सस सिटी
१६ एप्रिल

प्रिय व्हर्डेल,

तुझं पत्र आज मिळालं. काय लिहू? होझियासारखा माणूस नाही. माझ्याशी कधी वाकडा शब्द बोलला नाही, आणि मी तर त्याचा बोलणी खाण्याच्या लायकीचा मेहुणा.

पण खरं सांगतो, मी काही पाहिलं नाही. दिवे आमच्या डोळ्यांवर असतात, खालचं काही दिसत नाही. शिवाय नेमकी तेव्हाच माझ्या सॅक्सोफोनची पत्ती चिरली, म्हणून मी दुसरी आणायला मागे बसमध्ये गेलो होतो. परत आलो तर लोक पांगलेले. करड्या टोपीचा कुणी माणूस पळताना दिसला असं बोलत होते. तो मेलेला माणूस होझिया आहे हे मला पुढच्या गावी कळलं. नाहीतर मी थांबलो नसतो का?

इथलं म्हणशील तर एक बातमी आहे, या वेळी लिहू की नको कळत नाही. चोवीस मेला आम्ही न्यूयॉर्कला रेकॉर्ड करणार. अकरा वर्षं झाली, व्हर्डेल. गावोगाव औषधं विकणाऱ्याच्या खेळात क्लॅरिनेट वाजवण्यापासून सुरुवात केली. पहिला बँडवाला आमचे कपडे घेऊन पळाला. दुसऱ्याला विचिटामध्ये त्याच्याच बायकोने गोळी घातली. तिसऱ्याची बस नदीत गेली, ढोलवाला बुडाला आणि ढोल तरंगत राहिला. मग प्रोफेसर रेनवॉटरने मला टेनर सॅक्सोफोनच्या खुर्चीवर बसवलं. रेकॉर्डवर नाव त्याचंच असणार, रांगेत बसणाऱ्यांचं नाव कुणी छापत नाही. पण वाजवणं तर माझं असेल.

जपून राहा. थोडं खात जा.

तुझा ऑर्व्हिल


मस्कोगी
२४ एप्रिल

ऑर्व्हिल,

तुझ्या पत्रात पत्ती आहे, बस आहे, करडी टोपी आहे. लहानपणीही खोटं बोलताना तू असंच सामान भरायचास. पपा पट्टा काढायचे आणि तू सांगत बसायचास की कुंपण मोडणारं वासरू कुठल्या रंगाचं होतं. मग पट्टा माझ्या पाठीवर पडायचा, कारण तू माझ्या मागे लपलेला असायचास. ते वळ अजून आहेत. तेव्हा खोटं कुणापुढे बोलतोयस ते बघून बोल.

ओला मे पिकन्स नावाची पोरगी माझ्याबरोबर धुलाईत इस्त्री करते. ती त्या शनिवारी आईला चोरून रेडफर्नला नाचायला गेली होती, म्हणून इतके दिवस तोंड मिटून होती. परवा इस्त्री करता करता रडायला लागली आणि कुणाची तरी चादर जाळली. म्हणाली, "मिस व्हर्डेल, तुमचा भाऊ कुठला हो बसमध्ये! पुढे उभा राहून वाजवत होता. चार आवर्तनं वाजवली त्याने. असं वाजवणं मी जन्मात ऐकलं नाही." आणि म्हणाली, होझिया तुझं नाव घेऊन ओरडत होता.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ऑर्व्हिल.

आणखी ऐक. शेरीफचा कागद रेव्हरंड टिबेट्सनी वाचला. दारू पिऊन नाचघरात मेलेला माणूस डीकन असला तरी चर्चच्या जमिनीत पुरता येणार नाही, म्हणाले. होझिया कुंपणाबाहेर आहे, लोक मेलेले घोडे पुरतात तिथे. त्याची आई आत आणि तो बाहेर. ईनोसने रेव्हरंडची गचांडी धरली होती, मी सोडवली. आता वाटतं, उगाच सोडवली.

होझिया तिथे कशाला गेला होता ते मला विचारू नकोस. काय झालं ते सांग. नाही सांगितलंस तर मी तिकडे येईन, आणि होझियाची डुकरं कापायची सुरी माझ्याकडेच आहे.

व्हर्डेल


कॅन्सस सिटी
३ मे

व्हर्डेल,

हे वाचून जाळ.

आमच्या बँडचा एक नियम आहे. खाली मारामारी सुरू झाली की वाजवणं थांबवायचं नाही. उलट जोरात, जलद वाजवायचं. तुला हा राक्षसांचा नियम वाटेल, पण तो उगाच झालेला नाही. सहा वर्षांपूर्वी एका गावी आम्ही मारामारी पाहून थांबलो. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, लोक दाराकडे धावले आणि दाराशी तीन बायका तुडवल्या जाऊन मेल्या. वाजवणं चालू असलं की भांडण दोघांत राहतं, बंद पडलं की ते सगळ्यांचं होतं. तेव्हापासून आम्ही बाटल्या चालताना वाजवलंय, सुऱ्या चालताना वाजवलंय, एकदा ढोलातून गोळी आरपार गेली तरी वाजवलंय.

दारावर केटो सिम्स असतो, प्रोफेसरच्या बायकोचा भाऊ. लोकांना शिस्तीत ठेवणं हे त्याचं काम, आणि ते त्याला जरा जास्तच आवडतं. बुटात सुरी ठेवतो. पुढचं मला आमच्या ढोलवाल्याने सांगितलं, त्याला उंचावरून सगळं दिसतं. होझिया रविवारचा काळा कोट घालून, टोपी हातात धरून मंचाकडे येत होता. केटोने अडवलं. होझिया म्हणाला, "मला फक्त माझ्या मेहुण्याशी बोलायचंय." केटोने त्याला ढकललं, पुन्हा ढकललं, टोपी पाडून तिच्यावर पाय दिला. होझियाने एकच ठोसा मारला. बैल पाडणारा हात तो. केटो गुडघ्यावर आला आणि लोक हसले. लोक हसले नसते तर होझिया आज जिवंत असता.

मी तेव्हा माझं एकट्याचं आवर्तन वाजवायला उठलो होतो. मी डोळे मिटून वाजवतो, तुला माहीत आहे. खालून माझं नाव आलं, "ऑर्व्हिल! ऑर्व्हिल!" व्हर्डेल, वादक रंगात आला की नाचणारे असंच नाव घेऊन ओरडतात. ओरडले की त्याने आणखी एक आवर्तन द्यायचं, असा रिवाज. पण ते ओरडणं ट्रम्पेटवाल्यासाठी असतं, प्रोफेसरसाठी असतं. रांगेतल्या टेनरवाल्याचं नाव कुणाला ठाऊक? अकरा वर्षांत माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, आज घेतलं. आणि मग बाकीच्यांनी ते उचललं, सगळं नाचघर माझ्या नावाने ओरडायला लागलं. तो मरत होता आणि मी फुललो होतो. इतकं चांगलं मी कधी वाजवलेलं नाही. हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण खरं आहे.

चार आवर्तनं संपली आणि डोळे उघडले, तेव्हा केटो आणि आणखी दोघं त्याला पायांना धरून ओढत नेत होते. बाटलीची गोष्ट प्रोफेसरने सांगितली. एका काळ्याने दुसऱ्या काळ्याला मारलं याचं शेरीफला काय पडलंय? त्याने लिहून घेतलं आणि जेवायला गेला.

केटोचं नाव घेतलं तर न्यूयॉर्क गेलं. आणि मग टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंत मला कुणी खुर्ची देणार नाही. मला दुसरं काही येत नाही, व्हर्डेल.

ऑर्व्हिल


मस्कोगी
८ मे

ऑर्व्हिल,

पत्र जाळलं नाही. ओला मेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाव उचलणाऱ्यांत मी पण होते."

आता माझंही ऐक. होझियाने जन्मात नाचघराची पायरी चढली नव्हती. त्याला मी पाठवलं. तू सहा वर्षं घरी आला नाहीस, पपांच्या मातीलाही नाही, आणि बँड सत्तर मैलांवर आलाय असं कळलं. मी म्हटलं, "जा आणि त्याला घेऊन ये. त्याच्याशी न बोलता परत आलास तर तोंड दाखवू नकोस." रागात बोलले. तो बिचारा केटो सिम्सला घाबरला नाही, पण मला घाबरायचा. म्हणून तो मंचापर्यंत आला.

तेवीस मे, रविवार, आपल्या चर्चमध्ये साक्षीचा दिवस आहे. तू येऊन उभा राहा आणि सांग, दारू नव्हती, बाटली नव्हती, सुरी होती आणि ती केटो सिम्सची होती. माझं धरत नाहीत, मी तिथे नव्हते. ओला मे गेल्या रविवारी उठली, तर रेव्हरंड म्हणाले, चोरून नाचायला जाणाऱ्या पोरीची साक्ष मी धरणार नाही. तिच्या आईने तिला चर्चच्या पायऱ्यांवरच नाकातून रक्त येईपर्यंत बडवलं. तुझा बाप्तिस्मा इथल्याच नदीत झालाय आणि तू पुरुष आहेस. तू उभा राहून सांगितलंस तर होझियाला आत घेऊ, असं रेव्हरंड बायबलवर हात ठेवून ईनोसला म्हणालेत.

न्यूयॉर्क मोठं असेल. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.

व्हर्डेल


कॅन्सस सिटी
१९ मे

व्हर्डेल,

रविवारी मला उभं राहता येणार नाही. तीन बरगड्या मोडल्यात आणि समोरचे दात गेलेत, वरचे चार, खालचे दोन. मी बोलतो ते घरमालकिणीलाही कळत नाही. म्हणून इथे लिहितो, ते वाचून दाखव.

गेल्या शनिवारी आम्ही तुल्सात होतो. न्यूयॉर्कआधीचा शेवटचा कार्यक्रम. मी ठरवलं होतं की तुला कळवायचं, नंतर येतो, आधी रेकॉर्ड होऊ दे. ते पत्र खिशात होतं. माझ्या आवर्तनाला उठलो. केटो दाराशी एका म्हाताऱ्याचं डोकं चौकटीवर आपटत होता, कारण देव जाणे. प्रोफेसरने माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. एक बोट म्हणजे आणखी एक आवर्तन. आणि मी थांबलो.

तुला वाटेल, त्यात काय मोठं? पण अकरा वर्षांत मी कधी थांबलो नव्हतो. मागचे दोन-चार सूर अडखळत वाजले आणि तेही गप्प झाले. मी ओरडलो, "तो दारावरचा केटो सिम्स! रेडफर्नला होझिया गेन्सला त्यानेच भोसकलं, सात वेळा! होझिया दारूला शिवत नव्हता! माझ्या बहिणीचा नवरा होता तो!" एवढंच. मला भाषण जमत नाही.

कुणी पळालं नाही. कुणी तुडवलं गेलं नाही. लोक फक्त बाजूला झाले आणि त्या वाटेने केटो आला. मंचावर चढून त्याने माझ्या गळ्यातला सॅक्सोफोन ओरबाडला आणि त्यानेच माझ्या तोंडावर मारलं. दोनदा. मग बुटांनी. तेव्हा प्रोफेसर किंचाळला, "वाजवा रे, नालायकांनो!" आणि त्यांनी वाजवलं. मी माझ्याच खुर्चीखाली दात थुंकत होतो आणि वर दुसरा टेनरवाला माझं आवर्तन वाजवत होता. वाईट वाजवत होता.

शेवटी त्या म्हाताऱ्याच्या मुलांनी केटोला मंचावरून खाली ओढलं आणि मागच्या गल्लीत नेलं. तो आता चालू शकत नाही असं ऐकतो. मला आनंद झाला, लपवत नाही. बँड आज सकाळी मला सोडून न्यूयॉर्कला गेला. दात नसलेल्या माणसाला सॅक्सोफोन वाजवता येत नाही, तेव्हा तो विषय संपला.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी. हे चर्चमध्ये वाचू नकोस.

मी तुला पुन्हा खोटं सांगितलं. दुसरं आवर्तन संपताना मी डोळे उघडले होते. होझिया माझ्यापासून सहा हातांवर गुडघे टेकून होता आणि केटोच्या सुरीचं पातं त्याने मुठीत धरलं होतं. तो माझ्याकडेच बघत होता. मी पाहिलंय हे त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, आता हा येणार म्हणून. प्रोफेसरने एक बोट वर केलं. मी डोळे मिटले आणि तिसरं घेतलं. मग चौथं. तिसऱ्यात होझियाने माझं नाव घ्यायचं सोडलं. बाकीचे लोक घेतच राहिले.

ऑर्व्हिल


मस्कोगी
२७ मे

ऑर्व्हिल,

मी उभी राहून पत्र वाचलं. सगळं वाचलं. "हे चर्चमध्ये वाचू नकोस" हेसुद्धा वाचलं. सूड म्हणून नाही. त्या ओळीपाशी आले आणि वाटलं, इथे थांबले तर मीही तुझ्यासारखे डोळे मिटून घेतले असं होईल. वाचून झाल्यावर म्हटलं, त्याला मीच पाठवलं होतं, तेही लिहून घ्या.

रेव्हरंड मान खाली घालून बसले होते. मंगळवारी आम्ही होझियाला आत आणलं, त्याच्या आईशेजारी. रेव्हरंडनी स्वतः फावडं धरलं आणि आता हाताचे फोड सगळ्यांना दाखवत फिरतायत.

ईनोस आणि ॲबनर पहिल्या बाकावर होते. बाहेर आल्यावर ॲबनरने विचारलं, "तो राहतो कुठे?" मी सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नाही. रस्ता सांगितला, घर सांगितलं, जिना कुठल्या बाजूने आहे तेही सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं. शनिवारी कामाची पाळी संपली की ते ट्रक घेऊन निघतील. ॲबनरने कत्तलखान्यातली सुरी धार लावून आणलीये.

त्याला आता चार दिवस झाले. काल इस्त्री करताना दोन शर्ट जाळले. म्हणून हे लिहितेय. पत्र तुला उद्या मिळेल, म्हणजे तुझ्या हातात एक दिवस आहे. शिकागोला गाड्या जातात. पळ म्हणत नाही, थांब म्हणत नाही. तू मेलेला मला बघवणार नाही. जिवंत बघवेल की नाही ते आज सांगता येत नाही.

व्हर्डेल


कॅन्सस सिटी
३० मे

सिस्टर व्हर्डेल,

मी ईनोस लिहितोय. अक्षराकडे बघू नकोस, उजव्या हाताला पट्टी आहे.

तुझा भाऊ पळाला नव्हता. आम्ही जिना चढायच्या आत त्याने दार उघडलं. तुझं पत्र टेबलावर उघडं होतं, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. ॲबनर म्हणाला, "तिसऱ्या आवर्तनाआधी तू काय पाहिलंस ते माझ्या तोंडावर सांग." त्याने सांगितलं. तोंड फाटलेलं, एकेक शब्द तीन-तीनदा बोलावा लागत होता, तरी सगळं सांगितलं. होझिया त्याच्याकडे कसा बघत होता ते पत्रात होतं त्याहून जास्त सांगितलं. मला ऐकवेना.

ॲबनरने त्याला मोडलेल्या बरगड्यांवरच मारलं. तो पडला, भिंत धरून उठला आणि पुन्हा समोर येऊन उभा राहिला. हात वर केले नाहीत. असं तीन वेळा झालं. मग ॲबनरने सुरी काढली आणि मी मधे गेलो. का गेलो ते मला विचारू नकोस, घरून मी त्याला मारायलाच निघालो होतो. माझी दोन बोटं कापली गेली. रक्त बघून ॲबनर खाली बसला आणि होझियाच्या नावाने रडला.

ट्रकचा आस मोडलाय, तो बुधवारी मिळेल, त्यामुळे हे पत्र आमच्याआधी पोचेल. तोवर तिघंही याच खोलीत आहोत. घरमालकीण सूप देते. मीच त्याला चमच्याने भरवतो, कारण त्याला चमचा उचलवत नाही आणि ॲबनर भरवणार नाही. तिकडे यायला तो तयार नाही. व्हर्डेलपुढे उभा राहण्यापेक्षा तुम्ही मला इथेच संपवा, असं म्हणतो. मी त्याला सांगितलंय की होझिया तुला घरी न्यायला निघाला होता, आणि ते काम आमच्या भावाचं राहिलंय.

आम्ही त्याला घेऊन येतोय. मारायचा असेल तर तू मार, बाई. आमच्याने आता होत नाही.

ईनोस गेन्स